कोरा कोणी वाजवायचा, कथा कोणी सांगायची

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आफ्रिकेतील गायक-वादक गोव्यात आले किंवा त्यांच्याविषयी पुरवणीत काही छापून आले की एक वाक्य हटकून वाचायला मिळते: 'आफ्रिकेत स्त्रियांना वाद्याला हात लावायची मनाई होती, हिने ती मोडून काढली.' वाक्य ऐकायला बरे वाटते, सूत्रसंचालकाला टाळीही मिळते. पण ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे त्याच मंचावर बसलेल्या बाकीच्या बायकांचे काम झाकले जाते. मनाया होत्या, काही अजूनही आहेत आणि त्या चांगल्या कडक आहेत. फक्त त्या सरसकट गाण्या-वाजवण्यावर नसतात. एखाद्या वाद्यावर असतात, एखाद्या रचनाप्रकारावर असतात, एखाद्या विधीपुरत्या असतात, कधी महिन्यातल्या चार दिवसांपुरत्या. कुठे पुरुष वाजवतो आणि बाई म्हणते, कुठे बाई वाजवते आणि पुरुष म्हणतो. त्यामुळे बदलाची वाटही प्रत्येक ठिकाणी निराळी निघाली. त्यातली काही उदाहरणे तपशिलाने मांडण्यासाठी हे पत्र.

मालीपासून गांबियापर्यंत पसरलेल्या मांदे समाजात जेली नावाची घराणी आहेत. वंशावळी सांगणे, स्तुती करणे, लग्न जुळवताना किंवा भांडण मिटवताना मध्यस्थी करणे हा त्यांचा पिढीजात पेशा. बाहेरच्या जगात त्यांना ग्रिओ म्हणतात. कुयाते, दियाबाते, सिसोको ही त्यांची मुख्य आडनावे. गांबियात दियाबातेचे जोबार्ते होते आणि सिसोकोचे सुसो. या घरात जन्मलेली मुलगीही जेलीच, तिला जेलीमुसो म्हणतात. म्हणजे पेशात शिरायला तिला कोणाची परवानगी लागत नाही, तो तिला जन्मानेच मिळालेला असतो. वाटणी आहे ती पेशाच्या आत. कोरा ही भोपळ्याची वीणा, न्गोनी हे लहान तंतुवाद्य आणि बालाफोन हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य, ही तिन्ही पुरुषांची. बाईच्या हातात असते वीतभर लोखंडी नळी. तिच्यावर लोखंडी काडी आपटून किंवा घासून ती लय धरते. आणि गळा मात्र बहुतांशी तिचा.

कोऱ्याच्या बैठकीत चार गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. 'कुंबेंगो' म्हणजे सतत फिरत राहणारी, पायाभूत अशी वाजवण्याची चाल. 'बिरिमिंतिंगो' म्हणजे मध्येच सोडलेल्या झरझर ताना. 'दोन्किलो' म्हणजे ठरलेली, गाता येण्याजोगी धून, जी इतरही उचलून म्हणू शकतात. आणि 'सातारो' म्हणजे तालाच्या चौकटीत मोकळे सोडलेले कथन: म्हणी, पूर्वजांची नावे, त्यांची कर्तृत्वे, समोर बसलेल्या यजमानाला उद्देशून केलेले आवाहन. पहिल्या दोन गोष्टी वाद्यावरच्या, म्हणून पुरुषांच्या. दोन्किलो मुख्यतः बायकांचे. सातारो दोघेही करतात, पण एकसारखे नाही. तेराव्या शतकात मालीचे साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाताची लांबलचक कथा सलग सांगायची ती वडीलधाऱ्या पुरुषाने. त्यात येणारी गाणी म्हणायची बायकांनी. जेलीमुसोचे कथन बहुधा समोरच्या माणसाकडे रोखलेले असते. त्याचे कुळ, त्याचा खापरपणजा कोण होता, त्याने काय दिले, आणि मग आता तू काय देणार, हे ती चारचौघांत विचारते. बाईने भर सभेत पुरुषाला असे विचारणे ही तिथली रीत आहे, अपवाद नव्हे.

कथा सांगणाऱ्याजवळ आणखी एक माणूस बसलेला असतो. प्रत्येक ओळ संपली की तो 'नामू' म्हणतो. पोवाड्यात शाहिराच्या मागे 'जी जी रं जी' म्हणणारा झीलकरी असतो तसाच हा. तो नसेल तर कथा लंगडी पडते, सांगणाऱ्याचा श्वास चुकतो, ओळींची लांबी बिघडते. हा मुद्दा मंचव्यवस्थेच्या संदर्भात पुन्हा येईल.

आता कोऱ्याविषयी. अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणलेले, त्यातून आरपार गेलेला लाकडी दांडा, उभ्या घोडीच्या दोन अंगांना मिळून २१ तारा: डाव्या हाताच्या ११, उजव्या हाताच्या १०. दोन्ही हातांची शेवटची तीन-तीन बोटे दोन मुठी धरून वाद्य तोलतात. म्हणजे वाजवायला उरतात फक्त दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. यात पुरुषी ताकदीचा संबंध कुठे येतो? येतो तो एकाच ठिकाणी. जुन्या कोऱ्यात प्रत्येक तार दांड्याभोवती घट्ट विणलेल्या चामडी कड्याला बांधलेली असते. सूर लावायचा तर ते कडे दांड्यावरून वर-खाली सरकवावे लागते, आणि त्याला चांगलाच जोर लागतो. एका सूरमेळातून दुसऱ्यात जायचे तर एकवीस कडी सरकवा. तारा पूर्वी कातड्याच्या असत, आता मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्याच्या असतात. आणि पुष्कळ वादक चामडी कड्यांऐवजी गिटारसारख्या खुंट्या बसवून घेतात. शाळेत, वर्गात, लहान मुलांना शिकवणे त्यामुळे सोपे झाले.

पण मुलींच्या आड चामडी कडी आली नव्हती, शिकण्याची पद्धत आली होती. मुलगा बापाकडे किंवा काकाकडे वर्षानुवर्षे राहून शिकतो आणि त्याच्याबरोबर यजमानांच्या गावोगावी जातो. मुलीचे लग्न होऊन ती दुसऱ्या जेली घरात जाते ती नेमकी याच वयात. वाद्य बापाकडून मुलाकडे जाते. गळा मात्र ती सासरी बरोबर नेऊ शकते. म्हणून गाणे तिच्याकडे राहिले. सोना जोबार्ते यांचे उदाहरण याच चौकटीत ठेवून पाहावे. १९८३ मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या सोना या अमादू बान्सांग जोबार्ते या मोठ्या कोरावादकाच्या नात. त्यांनी सुरुवात भावाकडे केली, पुढे वडिलांकडे तालीम घेतली. जेली घराण्यातून आलेली पहिली व्यावसायिक कोरावादक स्त्री असे त्यांच्याविषयी म्हटले जाते, आणि ते महत्त्वाचे आहेच. परंतु घराण्याला तोंडघशी पाडून त्यांनी हे केलेले नाही. घराण्यातल्याच पुरुषांनी त्यांना शिकवले. आणि शिकण्याचे वय परदेशात गेल्याने मुलींना अडवणारी गावची रहाटी आड आली नाही. पुढे त्यांनी गांबियात काढलेल्या शाळेत मुलगे आणि मुली दोघांनाही हे वाद्य शिकवले जाते. बदल टिकायचा असेल तर तो असा, शिकवण्याच्या पद्धतीत व्हावा लागतो. एकट्या कलाकाराच्या यशाने पुढच्या मुलीला वाद्य मिळत नाही.

याच मांदे प्रदेशात एक दुसरा बदल आधीच होऊन गेला होता, आणि त्याच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही. १९६० मध्ये माली स्वतंत्र झाला. राष्ट्रीय रेडिओ आला, पुढे कॅसेट आली. रात्रभर चालणारी पुरुषाची कथा रेडिओच्या वेळेत बसेना, कॅसेटच्या एका बाजूला मावेना. जेलीमुसोचे स्तुतिगीत मात्र बरोबर बसले. परिणामी बामाकोच्या लग्नांत आणि बारशांत मागणी वाढली ती बायकांना. फान्ता दाम्बा, अमी कोईता, कान्दिया कुयाते या गायिका घरोघरी पोचल्या. त्यांच्या मागे न्गोनी किंवा गिटार घेऊन बसलेला पुरुष अनेकदा त्यांचा नवरा असे, आणि लोक त्याला तिचा नवरा म्हणूनच ओळखत. इथे कोणी पुरुषाचे वाद्य हिसकावून घेतले नाही. वाटणी होती तशीच राहिली, तिच्यातला जास्त पैसा आणि जास्त नाव कोणत्या बाजूला जाणार ते फक्त पालटले.

मालीच्याच गायिका उमू सांगारे यांची गोष्ट आणखी वेगळी. त्या जेली नाहीतच. मालीच्या दक्षिणेकडील वासूलू भागात शिकाऱ्यांच्या मंडळींचे 'दोन्सो न्गोनी' हे सहा तारांचे वाद्य आहे. ते विधीचे आणि पुरुषांचे. तरुण पोरांनी त्याच्यावरून हलके, चढ्या सुराचे 'कामाले न्गोनी' केले, जे कोणत्याही विधीला बांधलेले नव्हते. ते वाद्य साथीला घेऊन सांगारे यांनी १९८९ मध्ये आपली पहिली कॅसेट ध्वनिमुद्रित केली आणि सवतींचा जाच, जबरदस्तीची लग्ने यांवर उघड गायल्या. जेलीमुसोला हे जड गेले असते, कारण तिचे पोट यजमानाच्या स्तुतीवर चालते. पेशाच्या बाहेरच्या बाईला ती मोकळीक होती. तेव्हा जात आणि लिंग या दोन गोष्टी इथे एकत्रच पाहाव्या लागतात, एकटीने एकही पुरत नाही.

सहाराकडे वळले की चित्र उलटे होते. मॉरिटानियात इग्गावेन नावाच्या गायक घराण्यांत 'आर्दीन' हे भोपळ्याचे, कोऱ्याच्याच जातकुळीतले वाद्य बायकाच वाजवतात आणि 'तिदिनित' ही लहान वीणा पुरुष वाजवतात. दिमी मिंत अब्बा (१९५८–२०११) या आर्दीन घेऊन गाणाऱ्या त्या देशाच्या सर्वांत मोठ्या गायिका. म्हणजे तार छेडणे हे पुरुषाचे काम, असा काही निसर्गनियम पश्चिम आफ्रिकेत नाही. सेनेगल नदीच्या एका तीरावर एक रीत, दुसऱ्या तीरावर दुसरी.

तुआरेग लोकांत तर 'इमझाद' ही एका तारेची, घोड्याच्या केसाची सारंगी फक्त बायका वाजवतात. अर्धा भोपळा, वर बकरीचे कातडे, घोड्याच्या केसांची एकच तार, गजही तसाच. पराक्रमाच्या आणि प्रेमाच्या कविता पुरुष म्हणतात ते तिच्या साथीवर. ती वाजवायला बसली नाही तर त्याची कविता सभेत उभी राहत नाही. अल्जीरिया, माली आणि नायजर यांच्या वतीने इमझादची परंपरा २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. वाजवणाऱ्या स्त्रिया मात्र विरळ होत चालल्या आहेत. दुष्काळ आणि बंडांमुळे तरुण पुरुष अल्जीरिया-लिबियाकडे गेले, त्यांच्या हाती गिटार आली, कविता गिटारवर म्हटली जाऊ लागली आणि बाईची साथ लागेनाशी झाली. नव्या वाद्यामुळे स्त्रीचे स्थान गेल्याचे हे स्वच्छ उदाहरण आहे. आधुनिकता आली की बायका आपोआप पुढे येतात असे मानणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे.

तुआरेग बायकांचे दुसरे वाद्य 'तेंदे'. धान्य कांडायचे लाकडी उखळ घ्यायचे, तोंडावर ओले बकरीचे कातडे टाकायचे, दोन मुसळे उखळाच्या दोन्ही अंगांना आडवी ठेवून दोरीने कातड्याला बांधायची आणि त्या मुसळांवर दोन्हीकडे एकेक बाई बसवायची. त्यांच्या वजनाने कातडे ताणले जाते. वाळवंटी हवेत ते लवकर सुकते आणि आवाज कोरडा, चढा होतो. मग पाणी शिंपडायचे. कार्यक्रम संपला की दोर सोडून उखळ पुन्हा स्वयंपाकाकडे. नायजरमधील इल्लिघदाद या गावच्या फातू सैदी गाली यांनी भावाच्या गिटारवर स्वतःच हात बसवला, आणि त्यांच्या गटाने तेंदेचा ठेका व बायकांचे समूहगान पुन्हा गिटारखाली आणले. पुरुषांनी जी गिटार सारंगीच्या जागी बसवली होती तीच पुन्हा बायकांच्या ठेक्यावर बसली. हे 'बंदी मोडली'च्या साच्यात कसे बसवणार?

सेनेगलमधले 'तासू' हे तर पुरुषांनी बायकांकडून उचललेले आहे. साबार हे ढोल गेवेल या तिथल्या ग्रिओ घराण्यांतील पुरुष वाजवतात, एका हातात काठी आणि दुसरा हात उघडा. त्या ठेक्यावर बायका यमकबद्ध, चावट, टोचरे तासू म्हणतात: सवतीवर, सासूवर, कंजूष नवऱ्यावर. नाचणारी बाई पुढे येते, दोन-चार ओळी फेकते, ढोलवाला तिच्या शब्दांच्या वजनावर ठेका तोडतो. आबी न्गाना जोप यांनी १९९४ मध्ये हे तासू कॅसेटवर आणले. डाकारचे रॅप गाणारे तरुण आज आपले मूळ या तासूत सांगतात, आणि ते बरोबरही आहे. फक्त सांगताना ते बायकांचे होते हे पुष्कळदा गळून जाते. ढोलाच्या बाजूने मात्र दूदू न्जाय रोझ यांनी आपल्या मुली आणि सुना यांना शिकवून बायकांचा साबार ताफा उभा केला. इथेही परवानगी घराण्याच्या प्रमुखाकडूनच आली.

झिंबाब्वेत अडसर विटाळाचा आणि विधीचा होता. शोना लोकांचा 'म्बिरा' म्हणजे लाकडी फळीवर बसवलेल्या २२ ते २८ लोखंडी पट्ट्या. डाव्या अंगठ्याने, उजव्या अंगठ्याने आणि उजव्या तर्जनीने छेडायच्या, तर्जनी खालून वर. फळी भोपळ्यात अडकवतात आणि त्याला शिंपले किंवा बाटल्यांची झाकणे लावतात, म्हणजे आवाजाला झणझण येते. 'बिरा' नावाच्या रात्रभराच्या विधीत पूर्वजांना बोलावण्यासाठी तो वाजतो. एक वादक 'कुशाउरा' धरतो, दुसरा त्यात गुंफलेला 'कुत्सिन्हिरा'. वाजवणे पुरुषांकडे होते. पण विधीत बायकांकडे 'होशो' हे भोपळ्याचे खुळखुळे, टाळ्या, हुलकारे आणि गाणे असते, आणि होशोची तिहेरी विभागणी ढळली की दोन म्बिरांची वीण सुटते. कविता म्हणण्याचा जो भाग, 'कुदेकेतेरा', त्यात बाई आणि पुरुष दोघेही ओळी घालतात. स्टेला चिवेशे (१९४६–२०२३) यांनी १९६० च्या दशकात म्बिरा शिकायला घेतला तेव्हा त्यांना शिकवायला कोणी तयार नव्हते. शेवटी काकांनी शिकवले. वाद्य मात्र बराच काळ दुसऱ्याचे मागून आणलेले. त्यात वसाहतीचे गोरे सरकार आणि मिशनरी म्बिरालाच भुताखेतांचे वाद्य मानत होते. म्हणजे एक दडपण घरचे, दुसरे बाहेरचे. १९७४ पासून त्यांच्या तबकड्या निघाल्या. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत विधीचा नियम लागू होत नाही, हा इथला कळीचा भाग. विधीत जे चालत नव्हते ते तबकडीवर चालले, आणि मग हळूहळू विधीतही.

वृत्तपत्राला पत्र लिहितो आहोत म्हणून नोंत्सिझी म्ग्क्वेथो यांचा उल्लेख करायलाच हवा. दक्षिण आफ्रिकेत राजापुढे उभे राहून स्तुती आणि कानउघाडणी करणारा 'इम्बोंगी' हा पुरुष. अंगावर जनावराचे कातडे, हातात भाले किंवा काठी, कोणतेही वाद्य नाही, नुसता आवाज. घरातल्या माणसांची, मुलाबाळांची स्तुतिवचने बायकाही करीत, पण राजाच्या अंगणात नाही. नोंत्सिझी यांनी १९२० च्या दशकात जोहान्सबर्गच्या 'उम्तेतेली वा बान्तू' या पत्रात खोसा भाषेत याच धाटणीच्या कविता लिहिल्या. पुढाऱ्यांना नावे घेऊन झोडपले. आपण बाई असून हे करतो आहोत याची जाणीवही त्या कवितेत करून देत. छापील पानाला राजाचे अंगण लागत नाही आणि कातडेही लागत नाही. संपादकाने जागा दिली, एवढे पुरले. आज जेसिका म्बांगेनी यांच्यासारख्या स्त्रिया प्रत्यक्ष मंचावर हे काम करतात.

नायजेरियातील योरूबा भाषकांचा मुद्दा थोडक्यात. शिकाऱ्यांचे 'इजाला' हे गायन पुरुषांचे, ओगून या लोखंडाच्या देवाचे. कुळांची 'ओरिकी' म्हणजे स्तुतिवचने मात्र मोठ्या प्रमाणात बायकांच्या तोंडी. बाईला माहेरच्या कुळाची ओरिकी येते आणि सासरच्याचीही शिकावी लागते, म्हणून तिच्याकडे साठा दुप्पट. झांझिबारच्या गायिका सिती बिंती साद (१८८०–१९५०) यांचेही एवढेच सांगतो: दरबारात अरबीत चालणारे, पुरुषांचे ताराब गायन त्यांनी स्वाहिलीत आणले आणि १९२८ मध्ये त्यांचे ध्वनिमुद्रण झाले ते मुंबईत. झांझिबारला तेव्हा गोवेकरांची चांगली वस्ती होती.

गोव्याचा संबंध तर त्याहून जुना. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे, आणि शेजारच्या उत्तर कन्नडमधील सिद्दी बांधवांचे अनेक पूर्वज पोर्तुगीजांच्या गुलामव्यापारातून या किनाऱ्यावर आले. त्या मोझांबिकमधल्या चोपी लोकांची 'तिंबिला' ही लाकडी पट्ट्यांची वाद्यवृंद परंपरा पुरुषांची. खाली भोपळे, वर 'म्वेंजे' लाकडाच्या पट्ट्या. हे झाड फार सावकाश वाढते, म्हणून वाद्य महाग आणि दुर्मीळ. जाणते वादक म्हातारे झाले आणि मुलगे शहराकडे वळले, तेव्हा काही गुरूंनी मुलींनाही शिकवायला घेतले. स्त्रीमुक्तीच्या घोषणेवाचून, निव्वळ शिष्य मिळत नाहीत म्हणून. असे बदल कमी दर्जाचे समजू नयेत. बहुतेक ठिकाणी दार असेच उघडते.

आपल्याकडेही पाहा. घोरपडीच्या कातड्यावर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आल्यावर घुमट या मडक्याच्या वाद्याला बकरीचे कातडे आले, २०१९ मध्ये घुमट राज्याचे वारसा वाद्य झाले आणि स्पर्धांमुळे बायकांची घुमट आरती मंडळे दिसू लागली. चांगली गोष्ट आहे. पण त्याच वेळी धालो हे बायकांचे नाचगाणे मांडावरून उचलून मंचावर आणताना दोन समोरासमोरच्या रांगा प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या केल्या जातात. एका रांगेने टाकलेली ओळ दुसरीने झेलायची हा त्या गाण्याचा कणा. तोंडे फिरली की तो मोडतो. बायकांनी पुरुषांचे वाद्य हाती घेतले याची बातमी होते. बायकांचा स्वतःचा प्रकार मंचावर मोडला याची होत नाही.

म्हणून आफ्रिकी गट बोलावणाऱ्यांना काही सूचना. कथनाचा भाग 'प्रेक्षकांना भाषा कळत नाही' म्हणून सर्वांत आधी कापला जातो. तो कापला की कुठे बाईचे, कुठे पुरुषाचे मूळ कामच जाते आणि उरते ती नुसती ठेक्यावरची उडी. त्याऐवजी कोणाची स्तुती, कोणते कुळ, कथेतला कोणता प्रसंग, एवढे आठ-दहा ओळींत मराठी-कोंकणीत छापून खुर्च्यांवर ठेवावे. 'नामू' म्हणणाऱ्याला स्वतंत्र मायक्रोफोन द्यावा, तो हौशी साथीदार नाही. लोखंडी नळी आणि होशो यांच्यासमोर मायक्रोफोन फार जवळ ठेवला तर बाकी सगळे बुडते, ठेवलाच नाही तर लय हरवते. चार-पाच फुटांवर एक पुरतो. कोऱ्याला भोकासमोर हातभर अंतरावर एक. पावसाळ्यात किंवा समुद्रकाठच्या उघड्या मंचावर कातडे सैल पडून सूर उतरतात, तेव्हा वादकाला कार्यक्रमाआधी तासभर त्याच हवेत बसू द्यावे. वातानुकूलित खोलीतून थेट मंचावर आणले की पहिली पंधरा मिनिटे सूर लावण्यातच जातात. करार करताना गटप्रमुख वादकाचे एकच नाव आणि 'इतर साथीदार' असे लिहू नये. त्या 'इतर'मध्ये मुख्य गायिका असू शकते, आणि तिच्या गावी बिदागीचा मोठा वाटा तिचाच असतो.

आणि आपल्या वृत्तपत्राकडून एक अपेक्षा. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानाबरोबर गेलेल्या तबकडीवर आपल्या केरीच्या केसरबाई केरकर यांचा भैरवीतला 'जात कहाँ हो' आहे, नावानिशी. त्याच तबकडीवर तेव्हाच्या झाईरमधल्या म्बुती मुलींचे, त्या वयात आल्याच्या विधीतले गाणे आहे, जेमतेम ५६ सेकंदांचे. यादीत ते ध्वनिमुद्रित करणाऱ्या संशोधकाचे नाव आहे, गाणाऱ्या मुलींपैकी एकीचेही नाही. छायाचित्राखालच्या ओळीत 'आफ्रिकी कलाकार' असे न लिहिता देश, समाज, गाणाऱ्या आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव, हातातल्या वाद्याचे नाव आणि कोणत्या प्रसंगीचे गाणे ते द्यावे. नावे इंग्रजी किंवा फ्रेंच स्पेलिंगवरून उतरवू नयेत. एकाच कुळाचे नाव एका पासपोर्टवर एक आणि दुसऱ्यावर भलतेच दिसते. कलाकाराला दोनदा उच्चारायला सांगून देवनागरीत लिहून घेतले तर बातमीदाराची पाच मिनिटेच जातील.

आपला,
एक संगीत अभ्यासक, फोंडा